डाव्या पायाचं काम

[दृश्य: लिफ्टवर चढवलेली दोन दारांची जुनी स्पोर्ट्स कार. कॅमेरा खालून, पुढच्या चाकांकडून मागे सरकतो.]

निवेदन:
या गाडीत डाव्या पायाला तीस वर्षं काहीच काम नव्हतं. तो बापडा एका कोपऱ्यात पडून असायचा. आज त्याला कामाला लावायचंय: ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून क्लचवाला मॅन्युअल बसवायचाय.

गाडी नव्वदच्या दशकातली. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, आणि मध्ये चार गिअरचा ऑटोमॅटिक. गिअरबॉक्स बिघडलेला नाही, फक्त त्याचं आणि चालवणाऱ्याचं जमत नाही. वळणाच्या तोंडाशी गाडी वरच्या गिअरमध्ये निवांत असते. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबावा, तर आधी क्षणभर विचार करते आणि मग एकदम गिअर खाली टाकते. तोवर वळण संपलेलं असतं.

[दृश्य: जमिनीवर ठेवलेला टॉर्क कन्व्हर्टर. त्यातून लालसर तेल ठिबकतंय.]

हा डोनटसारखा गोल डबा म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. आत तेलात बुडालेले दोन पंखे समोरासमोर. एक इंजिन फिरवतं, त्यानं ढकललेल्या तेलानं दुसरा फिरतो. म्हणून तर गाडी गिअरमध्ये उभी राहिली तरी इंजिन बंद पडत नाही. पण दोघांमध्ये थोडी घसर राहतेच, आणि ती उष्णता होऊन तेलात जाते. ते तेल थंड करायला दोन नळ्या रेडिएटरपर्यंत नेलेल्या असतात. आता त्यांची गरज नाही.

गिअरबॉक्स उतरवणं हे अंगमेहनतीचं काम, त्यात गूढ काही नाही. खरी गंमत तो उतरल्यावर सुरू होते.

[दृश्य: क्रँकशाफ्टचं मागचं टोक. टॉर्चचा प्रकाश मधल्या खाचेवर.]

क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकाची ही खाच नीट बघा. ऑटोमॅटिकमध्ये इथे कन्व्हर्टरचं नाक बसतं. मॅन्युअलमध्ये इथे पायलट बेअरिंग लागतं, अंगठीएवढं. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक त्यात टेकतं. हे विसरून गिअरबॉक्स चढवला, तर शाफ्ट डगमगतो, आवाज येतो, क्लच नीट सुटत नाही. आणि एवढ्याशा वस्तूसाठी सगळं पुन्हा खाली उतरवावं लागतं. काही इंजिनांत तर ऑटोमॅटिकसाठीचा क्रँक वेगळ्या मापाचा असतो आणि साधं बेअरिंग त्यात बसतच नाही. म्हणून आधी माप घ्यायचं, मग खरेदी.

बाजूची पातळ पत्र्यासारखी चकती, म्हणजे फ्लेक्सप्लेट, निघाली. तिच्या जागी जाडजूड फ्लायव्हील, ज्यावर क्लच बसतो. बोल्टही बदलायचे, कारण पातळ प्लेटचे बोल्ट फ्लायव्हीलला सहसा पुरत नाहीत. आणि इथवर आलोच आहोत, तर क्रँकचं मागचं ऑइल सीलही नवं टाकावं. जुनं सील पाझरलं, तर तेलाचा पहिला घास नवी क्लच प्लेटच असते.

[दृश्य: जॅकवर तोललेला मॅन्युअल गिअरबॉक्स हळूहळू वर येतो.]

आता धीर हवा. गिअरबॉक्स शेवटचं बोटभर अंतर जाता जात नाही, आणि बोल्ट आवळून तो ओढून घ्यायचा मोह होतो. तसं करू नये, गिअरबॉक्सच्या आवरणाचे कान तुटतात. सरळ रेषेत धरून हलकेच फिरवला, की शाफ्टचे दाते क्लच प्लेटमध्ये आपोआप उतरतात.

[दृश्य: डॅशबोर्डखाली उलटा झोपलेला माणूस. फक्त पाय दिसतात.]

अवघड जागा ही. ब्रेकचं रुंद पेडल काढून अरुंद बसवायचं, शेजारी क्लचचं पेडल, इंजिनकडच्या पत्र्यात क्लचचा मास्टर सिलिंडर, पेडलचा दाब तेलातून क्लचपर्यंत पोचवणारा. गाडीची मॅन्युअल आवृत्ती विकली गेली असेल, तर त्या पत्र्यावर भोकाची जागा बऱ्याचदा कारखान्यातूनच तयार असते, वर फक्त झाकण असतं.

सुटे भाग एकेक करून जमवण्यापेक्षा त्याच मॉडेलची ठोकलेली मॅन्युअल गाडी अख्खी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पेडल, ताकद मागच्या चाकांकडे नेणारा प्रॉपेलर शाफ्ट, ईसीयू म्हणजे इंजिनचा संगणक, अगदी छोटी ब्रॅकेटंसुद्धा एका जागी मिळतात. नाव झालेल्या गाड्यांच्या बाबतीत ते परवडत नाही, हेही खरं. 1993 साली आलेल्या ए80 टोयोटा सुप्राचंच घ्या. तिच्या ट्विन-टर्बो मॅन्युअलमधला सहा गिअरचा गेट्राग व्ही160 आता इतका महागलाय, की बरेच जण आधीच्या पिढीच्या टर्बो सुप्रातला पाच गिअरचा आर154 बसवतात.

[दृश्य: वायरिंगचा गुंता. मल्टिमीटरचा आकडा हलतो.]

लोखंड बसलं, तरी गाडी अजून स्वतःला ऑटोमॅटिकच समजते. लिव्हर पी (पार्क) किंवा एन (न्यूट्रल) वर असल्याचा निरोप मिळाल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही. हा निरोप देणाऱ्या दोन वायरी नुसत्या जोडून टाकल्या, तर गाडी सुरू होईल, पण गिअरमध्ये असतानाही होईल आणि समोरच्या भिंतीकडे उडी मारेल. ते कनेक्शन क्लच पेडलच्या स्विचवरूनच न्यावं. रिव्हर्सच्या दिव्याची वायर नव्या गिअरबॉक्सवरच्या स्विचला. जुना ईसीयू ठेवला, तर तो नसलेल्या गिअरबॉक्सचे व्हॉल्व शोधत बसतो आणि चेक इंजिनचा दिवा पेटवतो.

[दृश्य: संध्याकाळ. गाडी गॅरेजबाहेर येते. एकदा बंद पडते. पुन्हा सुरू होते.]

नवा क्लच रुळायला 500 ते 800 किलोमीटर सबुरीनं चालवायला हवी. पण पहिलं वळण आलंच. डावा पाय खाली, तिसऱ्यातून दुसरा, इंजिनचा आवाज चढतो आणि वळण संपायच्या आत गाडी बाहेर खेचली जाते.

[दृश्य: गाडी थांबते. हात किल्लीवर.]

इंजिन बंद. किल्ली मात्र निघत नाही. लिव्हर पीवर आल्याशिवाय ती सोडायची नाही, हा जुना कुलूपबंदोबस्त स्टिअरिंगखाली तसाच राहून गेलाय.

[दृश्य: तेच पाय, पुन्हा डॅशबोर्डखाली.]