सदतिसाव्या पानावरचा ठिपका

(दृश्य: पुस्तकाचं पिवळं पडलेलं पान. पानाच्या आकड्याखाली पेन्सिलीचा बारीक ठिपका.)

हा ठिपका छपाईतला नाही. पुस्तक वाचनालयाचं आहे आणि ठिपका माझ्या आत्याचा. पान क्रमांक ३७. ठाण्यातल्या एका गल्लीतल्या वाचनालयात कादंबऱ्यांच्या कपाटातलं कुठलंही पुस्तक काढा, सदतिसावं पान उघडा. ठिपका सापडण्याची शक्यता बरीच आहे. ‘पुस्तकावर खुणा करू नयेत’ असा शिक्का आतल्या पुठ्ठ्यावर मारलेला असतो. आत्यानं जन्मभरात नियम मोडला असेल तर हा एवढाच.

कारण साधं आहे. वाचलेलं तिच्या लक्षात राहत नाही. पुस्तक घरी आणायचं, पन्नासेक पानं व्हायची आणि मग उजेड पडायचा: अगंबाई, हिचा नवरा तर शेवटी परत येतो! वाचनालयाची फेरी फुकट. म्हणून पुस्तक वाचून संपलं की ठिपका. अर्धवट टाकलं तर ठिपका नाही.

सदतीसच का?

“पहिल्या पानावर केली तर पकडतात.”

(दृश्य: वाचनालय. लोखंडी कपाटं, काउंटर, तारखांच्या शिक्क्यांनी भरलेली चिठ्ठी.)

अशी ती एकटी नाही. कुणी एकावन्नच्या आकड्याभोवती गोल करतं, कुणी शेवटच्या पानावर कोपऱ्यात फुली मारतं. एका बाईंची चांदणी असते, तीही नीट पाच टोकांची. काउंटरवरच्या ताईंना कुठली खूण कुणाची ते सगळं पाठ आहे. त्या कुणाला पकडत नाहीत. हळदीचा डाग दिसला तर मात्र आत्याकडे बघून म्हणतात, “काकू, आज काय, पिठलं का?” फुलीवाल्या आजोबांची खूण २०२० नंतर आलेल्या पुस्तकांत नाही. ताई त्याबद्दल बोलल्या नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

ठाणं या बाबतीत जुनं गाव. इथलं मराठी ग्रंथसंग्रहालय विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलं ते १८९३ साली. मुंबईचं त्यानंतर पाच वर्षांनी आलं. पुढे १९६७ मध्ये राज्याचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. मग अनुदान आलं, अ-ब-क-ड वर्ग आले, तपासण्या आल्या. आत्याला यातलं काही ठाऊक नाही. तिच्या लेखी वाचनालय म्हणजे अनामत रक्कम, महिन्याची वर्गणी आणि एका वेळी एक पुस्तक, एक मासिक. आणि दिवाळीनंतर अंकांची योजना, जी ताणून ताणून होळीपर्यंत पुरवायची.

(दृश्य: लोकलचा महिलांचा डबा. खिडकीशी वाचणारी एक बाई, पाठमोरी.)

आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ट्रंक कॉलचा जमाना. समोर बोर्ड, कानाला हेडफोन, दिवा लागला की कॉर्ड लावायची. रात्रपाळीला दोन वाजल्यानंतर दिवे कमी लागायचे. मग मांडीवर पुस्तक. वाचायला अर्थातच बंदी होती, पण सुपरवायझर बाईसुद्धा रांगेत होत्या, आत्याचं झालं की ते पुस्तक त्यांना हवं असायचं.

त्या पाळ्यांमध्ये तिनं बाबूराव अर्नाळकर वाचले. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिलेला माणूस. त्यांचे नायक काळा पहाड आणि झुंजार कुठल्या गोष्टीत काय करतात हे आज तिला सांगता येत नाही. मग फडके, मग खांडेकर, मग सुहास शिरवळकर. नारायण धारपांच्या भयकथाही वाचल्या, पण रात्रपाळीला नाही. एकदा केलेली ती चूक. जिन्यावरच्या प्रसंगात बोर्डवरचा दिवा पेटला आणि हिनं इंदूरचा कॉल कानपूरला जोडून दिला.

घरी वेगळी तऱ्हा. सासरे म्हणायचे, कादंबऱ्यांनी डोळे जातात आणि डोकंही. पोथी वाचत बसलं तर घरात कुणी हाक मारत नसे. कादंबरी उघडली की सगळ्यांना चहा हवा असायचा.

मला याची गंमत वाटते. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये साप्ताहिक काढलं, त्याचं नाव सरळ ‘करमणूक’. पुढे मासिक निघालं, त्याचं नाव ‘मनोरंजन’. मराठीतला पहिला दिवाळी अंक मानतात तो याच ‘मनोरंजन’चा, १९०९ चा. म्हणजे मजेसाठी वाचतो हे कबूल करायला त्या मंडळींना संकोच नव्हता. नाव मुखपृष्ठावर ठसठशीत. आणि आत काय छापलं? ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही यमूची गोष्ट ‘करमणूक’मधूनच क्रमशः येत होती. बालवयात लग्न, वैधव्य, केशवपन. पुढच्या आठवड्याच्या अंकाची वाट बघत लोकांनी ती वाचली. करमणूक म्हणूनच वाचली असणार, निदान आधी. रडू नंतर आलं असेल.

मग मधल्या काळात कधीतरी कादंबरीला उपयोग चिकटला. वाचाल तर वाचाल, व्यक्तिमत्त्व विकास, शब्दसंपत्ती. मीही त्याच चरकातून निघालेली. म्हणून कॅमेरा लावून आत्यासमोर बसले तेव्हा पहिलाच प्रश्न तसला विचारला.

(दृश्य: आत्या, आरामखुर्चीत. मागे गॅसवर कुकर.)

“आत्या, इतकं वाचलंस. वाचनानं तुला काय दिलं?”

“काय देणार?”

“म्हणजे काही शिकवलं, काही बदललं...”

“वेळ बरा गेला.”

हे आम्ही तीनदा चित्रित केलं. मी प्रश्न फिरवून फिरवून विचारला. तिसऱ्या वेळी ती वैतागली. “अगं, मी पत्ते खेळले असते तर तू विचारलं असतंस का, पत्त्यांनी काय दिलं? मला पुढे काय होतं ते हवं असतं. बस्स. तो कुकर बंद कर आधी.”

मध्ये तिचे डोळे अधू झाले. मोतीबिंदू. वर्षभर तरी तिनं कुणाला पत्ता लागू दिला नाही, पुस्तक नाकाशी धरून वाचत राहिली. ऑपरेशननंतर काही दिवस वाचायला मनाई, म्हणून मी वाचून दाखवायला गेले. दोनच सूचना होत्या: मध्ये थांबायचं नाही आणि अभिनय करायचा नाही. खलनायकाला मी जरा आवाज लावला तर म्हणाली, “तो वाईट आहे ते मला कळतंय, तू सांगू नकोस.” फोनवर गोष्टी ऐकवून पाहिल्या. पाचव्या मिनिटाला घोरायला लागायची.

(दृश्य: पुन्हा वाचनालय. संध्याकाळ. आत्या कपाटापुढे, हातात पिशवी.)

शेवटच्या दिवसाचं चित्रीकरण. ताईंनी एक जाडजूड कादंबरी पुढे केली. नवं बाइंडिंग, हिरवं रेक्झिन, पाठीवर पांढऱ्या अक्षरांत दाखल क्रमांक.

“ही नाही वाचलेली,” आत्या ठामपणे म्हणाली. “हिरवं पुस्तक माझ्या लक्षात राहिलं असतं.”

“बाइंडिंग आत्ताच केलंय, काकू. सदतीस बघा.”

तिनं पान उघडलं, चष्मा सारखा केला. मग पुस्तक खिडकीच्या उजेडात नेलं.

आकड्याखाली ठिपके दोन होते. एक जुना, जवळजवळ पुसलेला. त्याच्या शेजारी दुसरा, जरा वाकडा, डोळे गेलेल्या त्या वर्षातला. पहिला ठिपका तेव्हा तिला दिसलाच नसणार.

“मग? दुसरं देऊ?” ताईंनी विचारलं.

आत्यानं पुस्तक मिटलं, पिशवीत टाकलं आणि कार्ड काउंटरवर ठेवलं.

“दोन्ही वेळा शेवटपर्यंत वाचलंय. म्हणजे बरं असणार. लिही.”