पायांतली पॉवर आणि रक्तातली साखर

आधी एक छोटंसं काम करू. हाताची घडी घाला आणि खुर्चीवरून उठा, कशाला न धरता. झालं? बसा. आता परत उठा, पण ह्यावेळी जमेल तितक्या झटक्यात. पहिल्यांदा उठलात तेव्हा नुसती ताकद पुरली, दुसऱ्यांदा त्यात वेगही लागला आणि बल गुणिले वेग म्हणजे पॉवर, शाळेत शिकलोय आपण हे. वय वाढतं तशी ताकदीच्या आधी ही पॉवर घसरायला लागते, आणि बसून बसून तर वय न वाढताही घसरते.

मोजायची सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे जागच्या जागी उंच उडी, डडली सार्जंट ह्या अमेरिकन व्यायामशिक्षकाने १९२१ मध्ये मांडलेली, भिंत आणि खडू एवढंच सामान. लॅबमध्ये विंगेट टेस्ट करतात, वजनाच्या ७.५ टक्के लोड लावून ३० सेकंद जीव तोडून सायकल मारायची. उतरल्यावर पाय आपले नसतातच!

आता ह्याचा मेटाबॉलिझमशी, म्हणजे शरीर साखर कशी वापरतं त्याच्याशी, काय संबंध? शिरेतून इन्सुलिन आणि ग्लुकोज देऊन केलेल्या प्रयोगांत दिसलंय की इन्सुलिनमुळे जी साखर रक्तातून उचलली जाते त्यातली साधारण ८० टक्के स्नायू उचलतात, आणि शरीरातले निम्म्याहून जास्त स्नायू कमरेखाली आहेत. शिवाय स्नायू आकुंचन पावतो तेव्हा साखर आत घेणारी दारं, ज्यांना ग्लूट-४ म्हणतात, ती इन्सुलिनची वाट न बघता उघडतात. म्हणजे मांड्या आणि नितंब हे साखरेचं मोठं कोठार झालं, आणि आपण मुली वर्षानुवर्षं ते बारीक करायच्या मागे.

इथे एक गोची आहे, ती लपवत नाही. स्नायू दोन प्रकारच्या तंतूंचा बनलेला असतो: इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतात ते संथ तंतू, पॉवर देतात ते वेगवान तंतू, आणि बायकांमध्ये संथ तंतूंचं प्रमाण पुरुषांपेक्षा थोडं जास्तच असतं, मग पॉवरचं एवढं कौतुक कशाला? तर वेगवान तंतू मेंदू सगळ्यात शेवटी कामाला लावतो, रमतगमत चालताना त्यांना हाकच जात नाही आणि न वापरलेला स्नायू आटतो, म्हणजे कोठाराचा एक भाग बंद. पण उडी कमी भरली म्हणजे डायबेटिस होणार असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, कारण अंगावर चरबी जास्त असली तरी उडी कमीच भरते आणि स्नायूत चरबी साठली तर साखर आणि पॉवर दोन्ही बिघडतात, कशामुळे काय झालं हे नुसत्या उडीवरून कळत नाही.

विशीत रिपोर्ट नॉर्मल येतो हेही फसवं असतं हां. उपाशीपोटीची साखर १०० च्या खाली दिसते कारण स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओतून ती खाली धरून ठेवतं, आणि हे वर्षानुवर्षं चालू शकतं. ह्यालाच मुळाशी असतो इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. पीसीओएस (अंडाशयाचा आणि हार्मोन्सचा त्रास) असलेल्या बारीक मुलींमध्येसुद्धा तो सापडतो, वजनकाट्याला त्याचा पत्ताही नसतो.

मांड्या जाड होतील ही भीती सोडा. आपलं टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या एक दशांशाहून कमी, त्यामुळे चार उड्यांनी कुणी पैलवान होत नाही. सुरुवात खुर्चीवरून झटक्यात उठण्याने करा, हळू बसा, मग जिने जोरात चढा, मग छोट्या उड्या. उतरताना गुडघे एकमेकांकडे वळू देऊ नका, गुडघ्यातला लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा पट्टा, फाटण्याचं प्रमाण खेळणाऱ्या मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त आहे. आणि उडी मारताना लघवीचा थेंब जात असेल तर लाजून व्यायाम सोडू नका, फिजिओकडे जा, त्याच्यावर उपचार आहेत.

चिठ्ठी आलीये, पाळीत उड्या चालतात का. चालतात. पोट दुखत असेल तर त्या दिवशी नका मारू, एवढंच.