फाइल फक्त बायकोचीच

नमस्कार मंडळी. मूल होत नसेल तर पुरुषाचीही तपासणी हवी, आजचा विषय हा पुरुषांचा आहे, म्हणून रेडिओ बारीक करू नका, सासूबाई जवळ असतील तर त्यांनाही ऐकू द्या.

शेंगाचटणी जुनी झाली की खवट लागते ना? हवेनं त्यातलं तेल बिघडतं. शुक्राणूचं आवरणही असंच स्निग्ध, नाजूक. तंबाखू, विडी-सिगारेट, दारू यांनी अंगात फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे कण वाढतात, ते आवरण खराब होतं, आतला डीएनएसुद्धा तुटतो. हे खवट होणं अडवतात ती अँटिऑक्सिडंट्स. पेरूत आहेत, शेंगदाण्यात आहेत, आपल्या डाळिंबात तर आहेतच. आणि काय ओ, डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आपल्या सोलापुरात, पण चांगला माल सगळा बाहेर जातो आन् आपल्या पोरांच्या वाट्याला तडकलेली फळं, मला हे बिलकुल पटत नाही.

असो. मी लॅबमध्ये होते तेव्हाची गोष्ट. अक्कलकोट रोडला लूमवर काम करणारा एक मुलगा बायकोला घेऊन आला. लग्नाला चार वर्षं झालेली. तिची फाइल एवढी जाड की वरून नाडी बांधलेली, सोनोग्राफ्या काय, रक्ताचे रिपोर्ट काय. याचा कागद एकही नाही! म्हटलं, दादा तुझी तपासणी? तर खिशातून महागड्या अँटिऑक्सिडंट कॅप्सूलची स्ट्रिप काढून दाखवली, म्हणाला मी रोज घेतो की मॅडम. बोलताना गालात तंबाखूचा मावा. कॅप्सूल गिळायची तर आधी तो मावा थुंकून यायला लागायचा त्याला.

मी त्याला बसवलं आणि सांगितलं, बाळा, कॅप्सूल राहू दे, आधी मावा सोड. 2020 साली अमेरिकेत दोन हजारांवर जोडप्यांचा अभ्यास झाला, पुरुषांना सहा महिने झिंक आन् फॉलिक अ‍ॅसिड दिलं, तरी मुलं होण्याचं प्रमाण वाढलं नाही. म्हणजे नुसत्या गोळीवर भरवसा नको, आधी तपासणी. दोन ते सात दिवस वीर्य बाहेर जाऊ न देता मग वीर्याचं सॅम्पल द्यायचं, बस. त्यानं दिलं तर शुक्राणूंची हालचाल कमी निघाली, डॉक्टरांनी तपासलं तेव्हा व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा. चार वर्षं कुणी बघितलंच नव्हतं, आणि बोलणी खात होती ती पोरगी.

शुक्राणू तयार व्हायला जवळपास तीन महिने लागतात. तीन महिने, लक्षात ठेवा, आठ दिवसांत रिपोर्ट बदलत नाही. त्याचे उपचार झाले, मावा सुटला, तीन महिन्यांनी दोघं परत आले, हालचाल सुधारलेली. तिनं तिथंच बाकड्यावर बसून फाइलीची नाडी सोडली आणि त्याचा रिपोर्ट सगळ्यात वर लावला.