बारा व्होल्टचा रकाना

मॉनिटर आधीच घरात आहे असे किती जण? हात वर करा बघू. बरेच आहात की! मग तुमचं निम्मं काम झालंय, कारण कमी पैशातल्या गेमिंग पीसीचा हिशेब मॉनिटरपासून मांडायचा असतो. आपल्याकडे तो प्रोसेसरपासून मांडतात. दुकानात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न येतो, "आय-फाइव्ह टाकू की आय-सेव्हन?" जणू वरणात मीठ टाकायचंय.

साधा १०८० पी मॉनिटर घ्या. १९२० गुणिले १०८०, म्हणजे साधारण २० लाख ७४ हजार ठिपके. फोर-के पडद्यावर बरोबर चौपट, ८३ लाखांच्या घरात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर हे सगळे ठिपके सेकंदाला ६० वेळा रंगवायचे, आणि ते रंगकाम ग्राफिक्स कार्डाचं. शत्रू कुठून आला, गोळी कुठे लागली, दार उघडलं का, हा हिशेब प्रोसेसर ठेवतो. पडदा केवढा का असेना, त्याला मेहनत जवळपास तेवढीच. म्हणून आधी पडदा ठरवा, मग त्याला पेलेल असं कार्ड, आणि उरलेल्यात बाकीचं. १०८० पी साठी आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६० च्या वर्गातलं ८ जीबीचं कार्ड मला पुरेसं वाटतं; नव्या जड खेळांत एक-दोन सेटिंग खाली आणावी लागतात, त्याने काही बिघडत नाही. तुम्ही फक्त व्हॅलोरंट हा नेमबाजीचा खेळ खेळणार असाल तर मात्र गणित फिरतं. तो खेळ कार्डाला फारसं दमवत नाही, प्रोसेसरला दमवतो.

मॉनिटर वगळून शंभर रुपये हातात असतील तर त्यातले पस्तीस-चाळीस कार्डाला, हा माझा जुना ठोकताळा. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की रॅमचे भाव भडकले आणि ठोकताळ्याची पार वाट लागली. तेव्हा आकडे पाठ करू नका, क्रम लक्षात ठेवा.

रॅमवरून एक. १६ जीबी घेताना १६ ची एक स्टिक घेऊ नका, ८ च्या दोन घ्या. दोन वाटांनी डेटा जातो तेव्हा प्रोसेसर कमी खोळंबतो. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या रॅमच्या दोन पिढ्या, त्यांची खाच वेगळ्या जागी असते; एकीच्या जागी दुसरी बसत नाही, जोर लावू नका. आणि बायोसमध्ये, म्हणजे पीसी चालू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी चालू करा; रॅम तिच्या पूर्ण वेगाने पळते ती त्याने. नाहीतर ३२०० च्या वेगाचे पैसे मोजून २१३३ किंवा २४०० च्या वेगावर रॅम चालते आणि कोणी तुम्हाला सांगायला येत नाही.

प्रोसेसरच्या नावामागचं अक्षरही वाचायला शिका. आय-फाइव्ह १२४००एफ मधल्या 'एफ'चा अर्थ आत ग्राफिक्स नाही. कार्ड दिवाळीत घेऊ म्हणून आत्ता हा प्रोसेसर आणलात तर दिवाळीपर्यंत काळा पडदा बघत बसा. ज्यांना असे दोन हप्ते करायचेत त्यांनी बिनएफचा किंवा रायझन ५६००जी सारखा घ्यावा. त्यातलं ग्राफिक्स आपल्या रॅमवरच जगतं, त्यामुळे तिथे दोन स्टिकचा नियम तर आणखीच कडक. ज्यांच्याकडे २०१७-१८ चा एएम-४ मदरबोर्ड (रायझन प्रोसेसर बसतो तो) पडून आहे त्यांनी तो भंगारात देऊ नये. बायोस अपडेट केलं की २०२२ चा रायझन ५६०० त्यांतल्या बऱ्याच बोर्डांवर बसतो. आधी कंपनीच्या साइटवर यादी बघा, एवढंच.

आता मी स्वतः कुठे आपटलो ते सांगतो. २०१५ साल. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, कॉम्प्युटरच्या बाजारात, दिवसभर फिरून सगळं जमवलं. काचेची बाजू असलेलं कॅबिनेट, लाल दिव्यांचे पंखे. शेवटच्या दुकानात शेठ म्हणाले, "कॅबिनेटके साथ एसएमपीएस फ्री, साडेचारसौ वॅट." एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज पीसीच्या भागांना पुरवणारा डबा. मी खूश. वाचलेल्या पैशांत ग्रँट रोडला पावभाजी खाल्ली.

सहाव्या महिन्यात, मे महिन्याच्या दुपारी, ऐन खेळात 'फट्' असा आवाज झाला आणि जळका वास. एसएमपीएस गेला, जाताना मदरबोर्ड घेऊन गेला. बाबा आतल्या खोलीतून म्हणाले, "सिलिंडर बंद करा आधी."

उघडून बघितल्यावर पहिल्यांदा मी त्यावरचं लेबल वाचलं. तिथे एक तक्ता असतो: ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट, आणि प्रत्येकाखाली ॲम्पिअर. कार्ड आणि प्रोसेसर जवळपास सगळी वीज १२ व्होल्टवरून ओढतात. त्या रकान्यात लिहिलं होतं १८. बारा अठरा किती? २१६ वॅट. माझं कार्ड १२० चं, प्रोसेसर ८४ चा, झाले २०४. उरलेल्या १२ वॅटवर पंखे, हार्डडिस्क आणि माझे लाल दिवे. साडेचारशेतले बाकीचे वॅट दुसऱ्या रकान्यांत, बेरीज फुगवायला. आणि हे १८ तरी खरे होते असं कशावरून?

चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर त्याच रकान्यात ४० च्या वर आकडा दिसतो. दुकानात खोका उघडायला लावा आणि तो रकाना वाचा, शेठ कंटाळले तरी. '८० प्लस ब्रॉन्झ' हा शिक्का चांगला, पण तो सांगतो भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती वाया जाते ते. शॉर्ट झाल्यावर डबा स्वतः बंद पडेल की सोबत्यांना घेऊन जाईल, हे तो सांगत नाही. त्यासाठी कोणीतरी खोलून तपासलेला रिव्ह्यू शोधा आणि वॉरंटीची वर्षं बघा. कॅबिनेटमध्ये, दिव्यांत, आरजीबीत हवी तेवढी काटकसर करा. इथे नको.

सेकंडहँड कार्डाबद्दल थोडक्यात. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं कार्डांवरचं मायनिंग, म्हणजे कार्डं दिवसरात्र चालवून हे डिजिटल चलन कमावणं, थांबलं आणि राबवलेली कार्डं बाजारात आली. राबलेलं म्हणजे वाईटच असं नाही, पण अर्धा तास समोर खेळ चालवून दाखवा म्हणा, जीपीयू-झेड या कार्ड ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये खरं नाव बघा. जुन्या चिपवर नव्या कार्डाचं नाव चढवून विकणारे आहेत. मूळ बिल मागा.

शेवटी, गेल्या वर्षी भाच्याचा पीसी आम्ही दोघांनी मिळून जोडला. मी घरी पोचतोय तोच त्याचा फोन, "मामा, कार्ड खराब निघालं, काहीच पळत नाहीये." व्हिडिओ कॉलवर मागची बाजू दाखव म्हटलं. मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये खोचलेली, आणि खाली नवं कोरं कार्ड रिकामं. त्याने वायर काढून कार्डात लावली. मिनिटभर आवाज नाही. मग म्हणाला, "आईला सांगू नकोस." विंडोजमध्ये १४४ हर्ट्झ, म्हणजे पडदा सेकंदाला १४४ वेळा बदलणं, निवडायचं आम्ही दोघंही विसरलो होतो, ते पुढे आठ महिन्यांनी लक्षात आलं.