पंचायतीचं काम, आपली भिंत

(दृश्य : पऱ्हाटीच्या वावरांमधून गावात शिरणारा रस्ता. गल्लीत अर्धवट खोदलेली नाली.)

यवतमाळ जिल्ह्यातलं हे गाव. इथं ज्यांची भिंत पडली त्या घरच्यांनी विनंती केली म्हणून गावाचं नाव सांगत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर इथं ग्रामपंचायतीनं नालीचं काम काढलं. काम गरजेचंच होतं, कारण दरवर्षी गल्लीतलं पाणी लोकांच्या अंगणात शिरायचं. जेसीबी आला, एका कडेनं खोदत गेला, आणि काम थांबलं. नाली उघडी राहिली. मृगाचा जोराचा पाऊस आला तसं पाणी त्या खड्ड्यात तुंबलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे या घराची बाजूची भिंत जनावरांच्या कोठ्यासकट खाली बसली. जनावरं रात्री अंगणात बांधलेली होती, माणसं पुढच्या खोलीत. जीव वाचले. तुरीची पोती, फवारणीचा पंप, टिनाची पत्रं आणि पेरणीसाठी आणून ठेवलेलं खत मात्र चिखलात गेलं.

(दृश्य : नालीची कड जवळून. मातीत उमटलेले समांतर ओरखडे.)

हे ओरखडे नीट पाहा. जेसीबीच्या बकेटच्या दातांचे आहेत. त्यांच्या वर, हातभर अंतरावर, पायाचे दगड उघडे पडलेले दिसतात. काळी माती पाणी प्यायली की फुगते, ऊन लागलं की आकसते. उन्हाळ्यात तिच्या भेगांत हात जातो. अशा मातीतल्या उथळ पायाच्या कडेची माती काढून घेतली आणि तिथं पाणी साचू दिलं, तर पाया सरकणारच. भिंत पावसानं पडली की खोदकामानं, या वादाचं उत्तर या ओरखड्यांत आहे. आणि दोन पाऊस झाले की ते धुऊन जातात.

घरातल्या मोठ्या मुलानं त्या सकाळी मलबा उचलायच्या आधी फोटो काढले. नालीच्या कडेपासून पायापर्यंत टेप धरला आणि टेपवरचा आकडा दिसेल असा फोटो घेतला. मग पोलीस पाटील आणि शेजारच्या दोघांना बोलावलं. तलाठ्याकडून पंचनामा करून घेतला, त्यात ‘अतिवृष्टीमुळे’ एवढंच न लिहिता ‘घराला लागून नालीचं खोदकाम सुरू असल्याचं दिसून आलं’ हे वाक्य घालायला लावलं. पुढची सगळी मागणी त्या वाक्यावर उभी आहे. नुसता पाऊस लिहिला असता, तर प्रकरण नैसर्गिक आपत्तीत गेलं असतं. तहसीलमधून शासनाच्या दरानं जी काय मदत मिळायची ती मिळाली असती आणि खोदणारा बाजूला राहिला असता.

(दृश्य : घराच्या ओट्यावर बसलेल्या बाई. कॅमेरा त्यांच्या हातातल्या कागदांवर.)

बाई सुरुवातीला अर्ज द्यायला तयार नव्हत्या. “सरपंच आपल्याच भावकीतला. त्याच्यावर अर्ज कसा टाकू बापा?” सरपंचही वाईट माणूस नाही. घरी येऊन सांगून गेला, “काकू, टेन्शन घेऊ नोका. बिल निंघालं का भिंत बांधून देतो.” तो खरंच मनापासून बोलला असेल. पण गावात असा शब्द पोळ्यापर्यंत चालतो, मग महालक्ष्म्या येतात, दसरा येतो. सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा, होऊन वेचणी लागली की कोणाला कोणाशी बोलायला वेळ नसतो. दिवाळीनंतर विचारलं तर बिल अजून निघालेलं नसतं.

आणि इकडे कायद्याचं घड्याळ चालूच असतं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 180 प्रमाणे पंचायतीवर दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि नुकसान झाल्यापासून 6 महिन्यांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो. गाव तालुक्याचं असेल आणि तिथं नगरपंचायत झाली असेल, तर 1965 चा नगरपरिषदांचा कायदा लागतो. त्याचं कलम 304 नोटिशीनंतर 1 महिना थांबायला सांगतं, पण मुदत तीच, 6 महिने. मृगात पडलेल्या भिंतीची मुदत थंडीत संपते. तोंडी आश्वासनानं ती एक दिवसानंही वाढत नाही. आपल्या माणसावर विश्वास ठेवणारी कितीतरी घरं इथंच हरतात, हे मला फार सलतं. अर्ज दिला म्हणून भावकी तुटत नाही. उलट सरपंचालाही पैसे द्यायचे तर हातात कागद लागतो. मासिक सभेचा ठराव नसेल तर ग्रामनिधीतून खर्च टाकायचा कसा?

(दृश्य : ग्रामपंचायत कार्यालय. भिंतीवर कामांच्या माहितीचा फलक.)

अर्ज लिहायच्या आधी एक गोष्ट शोधावी लागते: काम नेमकं कोणाचं? गल्लीतली नाली बहुतेक वेळा पंचायतीची. पण गावातून जाणारा रस्ता जिल्हा परिषदेचा असू शकतो किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचा. नळयोजनेचं खोदकाम जल जीवन मिशनचं असेल, तर जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाकडे चौकशी करावी लागते. चुकीच्या दारात अर्ज पडला की तो महिनोन्‌महिने टेबलावर बसतो. म्हणून कामाचा कार्यारंभ आदेश आणि अंदाजपत्रक माहितीच्या अधिकारात मागायचं. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेवढेही पैसे लागत नाहीत.

या घराला उत्तर मिळालं ते असं: काम पंचायतीचं, खोदकाम ठेकेदाराचं. मग पंचायत म्हणाली, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणाला, मला जिथं आखून दिलं तिथं खोदलं. त्यावर वकिलांनी सरळ सल्ला दिला, दोघांनाही नोटीस द्या. आपसातला हिशेब ते पाहून घेतील.

निष्काळजीपणा दाखवणं मात्र मागणाऱ्यालाच भाग आहे. दिल्लीच्या चांदनी चौकातलं घंटाघर कोसळून माणसं गेली, तेव्हा 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महापालिकेला जबाबदार धरलं. रस्त्यालगतची आपली जुनी इमारत तपासत राहणं हे तिचंच काम होतं. तेच न्यायालय 1997 मध्ये राजकोटच्या प्रकरणात वेगळ्या निर्णयावर आलं. रस्त्याकडेचं झाड पडून माणूस दगावला होता, पण महापालिकेचा निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही, म्हणून भरपाई टिकली नाही. गावातल्या माणसानं यातून घ्यायचं ते हे, की दारापुढचं बाभळीचं झाड वाळलंय, नाली घराला खेटून खोदली आहे, पाइप फुटून पायात पाणी मुरतंय, हे नुकसान व्हायच्या आधी लिहून दिलेलं असेल तर नंतर कोणाला ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ म्हणता येत नाही.

पंचायतीच्या ट्रॅक्टरनं किंवा घंटागाडीनं मागे घेताना कुंपण पाडलं, तर वाट निराळी. तिथं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मालमत्तेच्या नुकसानीचा दावा लागतो आणि गाडीचा विमा कामी येतो. गाडीचा नंबर, विम्याचा कागद आणि पोलिसांतली नोंद त्याच दिवशी हवी. मुदत इथंही 6 महिन्यांचीच आहे.

(दृश्य : स्वयंपाकघरात जमिनीवर पसरलेले कागद.)

सगळ्यात अवघड गेलं ते रकमेचं. आधी कोणीतरी सांगितलं, सरळ पाच लाख लिहा, तोडजोडीत दोन मिळतील. मुलानं ऐकलं नाही, हे बरं केलं. फुगवलेला आकडा एकदा उघडा पडला की खरं नुकसानही कोणी ऐकत नाही. त्यानं मिस्त्रीकडून भिंतीचं माप आणि खर्च सहीनिशी लिहून घेतला. पत्र्यांची आणि पंपाची पावती होती. खताचं बिल कृषी केंद्रातून पुन्हा काढलं. तुरीसाठी बाजार समितीचा त्या आठवड्याचा भाव धरला. मलबा उचलायची मजुरी आणि जनावरं दुसऱ्याच्या कोठ्यात ठेवल्याचे पैसे लोक हमखास विसरतात, तेही धरले. मातीची जुनी भिंत होती, म्हणून नव्या विटांच्या भिंतीचे पूर्ण पैसे मिळतीलच असं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तरी बांधायला जे लागणार तेच त्यांनी मागितलं आणि का मागितलं तेही लिहिलं.

मग अडलं नमुना आठवर, म्हणजे घर कोणाच्या नावानं आहे ते दाखवणाऱ्या पंचायतीच्या उताऱ्यावर. घर अजून सासऱ्यांच्या नावानं, आणि सासरे जाऊन बरीच वर्षं झालेली. विदर्भातल्या खेड्यांत अशी घरं किती असतील! अर्ज एकट्या बाईंच्या नावानं टाकला असता तर ‘मालक कोण’ इथंच तो अडकला असता. सगळ्या वारसांच्या सह्या घेतल्या, नागपूरला राहणाऱ्या दिरांचीही. वारस नोंदीचा अर्ज त्याच दिवशी वेगळा दिला. घरपट्टीची थकबाकी भरून पावती जोडली. भरपाई मिळेपर्यंत घरपट्टी भरत नाही, असा हट्ट करणाऱ्याला ग्रामसभेत पहिला टोमणा तोच बसतो.

अर्ज दोन प्रतींत गेला. आवक क्रमांक आणि शिक्का दुसऱ्या प्रतीवर घेतला. एक प्रत पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांना दिली. नोटीस वकिलांमार्फत गेली, आणि वकिलांची फी लागली नाही. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना तिथं मोफत वकील मिळतो, स्त्रियांना तर उत्पन्न कितीही असो. ही गोष्ट बाईंना अंगणवाडी सेविकेनं सांगितली. पंचायतीच्या दारावर कुठंही लिहिलेली नव्हती. असायला हवी.

(दृश्य : मासिक सभा. टेबलावर उघडी इतिवृत्ताची वही.)

नोटीस पोचल्यावर विषय मासिक सभेत आला. वित्त आयोगाचा पैसा यात वापरता येत नाही आणि पंचायतीची स्वतःची मिळकत घरपट्टी-पाणीपट्टीएवढीच, असं सभेत सांगण्यात आलं. ते खोटं नव्हतं. लहान पंचायतीपुढे ही अडचण खरीच असते. म्हणून तोडगा निघाला तो असा, की भिंत आणि कोठा ठेकेदारानं बांधून द्यायचा, आणि सामानाची रक्कम पंचायतीनं ग्रामनिधीतून दोन टप्प्यांत द्यायची.

ठरावाच्या पहिल्या मसुद्यात ‘लवकरात लवकर’ असं होतं. मुलानं उभं राहून तारीख घालायला लावली. ‘सर्व नुकसान भरून पावलो’ अशा कोऱ्या पावतीवर आधीच सही मागितली, ती बाईंनी दिली नाही. “पैसे हातात आले का सही करीन,” एवढंच त्या म्हणाल्या, आणि सरपंचानंही ते मान्य केलं.

भिंत जोत्यापर्यंत आली आहे. सामानाच्या पैशांचा पहिला टप्पा मिळाला, दुसरा बाकी आहे. ठरावाची नक्कल आणि नोटिशीची पोच वकिलांकडे आहे, दाव्याचा मसुदाही तयार आहे. 6 महिने भरायच्या आत रक्कम आली नाही, तर तो तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात दाखल होईल, आणि तशी कल्पना पंचायतीला लेखी दिलेली आहे.