शून्य मीटर म्हणजे इथेच, असं नाही

नमस्कार मंडळी. मागच्या दिवाळीत माझा भाचा सुट्टीला आला आणि म्हणाला, मावशी चल, जिओकॅशिंगला जाऊ. म्हणजे कुणीतरी डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश नेटवर टाकतं, आपण मोबाईल बघत शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा परत तिथेच. तर सकाळी सकाळी वेताळ टेकडीवर गेलो, खाणीच्या बाजूला. मोबाईल म्हणाला शून्य मीटर! झालं, आम्ही दोघं तिथेच गवतात ओणवे. डबा कुठे लपवलाय ते येणाऱ्याजाणाऱ्याला कळू द्यायचं नसतं, त्यामुळे फिरायला आलेल्या एका आजोबांनी विचारलं काय हरवलं, तर भाचा पटकन म्हणाला, मावशीचं कानातलं. सोन्याचं? हो. संपलं! दहा मिनिटांत पाच जण आमच्याबरोबर ओणवे, एक काकू तर मला ओरडतायत, टेकडीवर सोनं घालून येतात का! शेवटी आजोबा दमून लांब एका दगडावर टेकले आणि तिथूनच ओरडले, अहो, हा डबा कुणाचा? मी पावलं मोजली, बारा.

आता शून्य दाखवत होता ना? दाखवू दे की. मोकळ्या आभाळाखाली सुद्धा फोन साधारण पाच मीटर इकडेतिकडे असतो, आणि ज्याने डबा लपवला त्याचाही फोनच, तोही पाच मीटर चुकलेला. तुमची चूक अधिक त्याची चूक, झाले दहा. त्यात खाणीचा कडा, सिग्नल दगडावर आपटून उशिरा येतो आणि फोनला वाटतं सॅटेलाईट लांब आहे. म्हणून परत सांगते, शून्य म्हणजे इथेच असं नाही. शून्य आलं की फोन खिशात घाला आणि डोळे वापरा, दहा-पंधरा पावलांचं रिंगण धरून, मी लपवला असता तर कुठे, असा विचार करून.

तशी पूर्वी याहून वाईट दशा होती. हे जीपीएसचे सॅटेलाईट अमेरिकेचे, आणि अमेरिका त्यांचा सिग्नल मुद्दाम बिघडवून द्यायची, शंभर मीटरपर्यंत चूक. मे २००० मध्ये ते बंद केलं आणि एक-दोन दिवसांत ओरेगनमध्ये एकाने पहिला डबा ठेवला सुद्धा. पण मी म्हणते, हल्ली लग्नपत्रिकेत पण नुसती पिन पाठवतात, मारुतीच्या देवळामागे, पिवळा बंगला, हे लिहायला काय होतं? तो पत्ता कधी दहा मीटर सरकला नाही.

असो. तर आजोबांना शेवटी खरं सांगावं लागलं. त्यांनी वही घेतली, पूर्ण नाव लिहिलं, तारीख टाकली आणि खाली लिहिलं, कानातलं सापडलं नाही.