डावं चाक तापतंय? कॅलिपर घरीच खोलू या

नमस्कार मंडळी. आधी हे बघा. उजव्या चाकाच्या मधोमध पाण्याचे चार थेंब टाकतो. काही नाही. आता डावं... ऐकलं? चुर्रर्र! गाडी फक्त वर्धा रोडनं खापरीपर्यंत जाऊन आली आहे आणि सकाळचे सात वाजलेत, म्हणजे नागपूरच्या उन्हावर ढकलता येत नाही.

गाडी डावीकडे ओढून राहिली होती, मायलेज पडलं होतं. दोन महिन्यांपूर्वी एका गॅरेजात नवे पॅड टाकले, तर म्हणे "नवीन आहेत भाऊ, बसतील हळूहळू." काय बसतील! डावीकडचा आतला पॅड अर्धा खाऊन झाला. पॅड बदलून भागत नाही, कारण रोग पॅडमध्ये नाहीच, पॅडला चाकाच्या डिस्कवर दाबणाऱ्या पकडीत, म्हणजे कॅलिपरमध्ये आहे.

ब्रेक दाबला की तेलाच्या दाबानं कॅलिपरमधला पिस्टन बाहेर येतो आणि पॅड दाबतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पाय काढल्यावर त्याला मागे कोण नेतं? (सील कॅमेऱ्यासमोर धरून) हे नेतं. साधं रबरी कडं, पण काप बघा, गोल नाही, चौकोनी. पिस्टन पुढे सरकताना सीलची आतली कड त्याच्यासोबत वाकते. दाब गेला की रबर सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे घेऊन येतं. तेवढ्यात चाक मोकळं. पॅड झिजला की पिस्टन सीलमधून जरासा पुढे घसरतो आणि तिथून परत तोच खेळ. म्हणजे सील तेलही अडवतं आणि स्प्रिंगचं कामही करतं. म्हणूनच कडक झालेलं सील एक थेंब न गळताही ब्रेक धरून ठेवतं.

चला, खोलू. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना विटा. जॅकवर उचला, पण खाली स्टँड लावल्याशिवाय हात घालू नका. नुसत्या जॅकच्या भरवशावर काम करणारे मी पाहिले आहेत, बघतानाच पोटात गोळा येतो. कॅलिपर सुटला की तारेनं वर बांधायचा, होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळीवर, लटकवायचा नाही.

पिस्टन काढायला मी कॉम्प्रेसर वापरत नाही. हवेनं पिस्टन गोळीसारखा सुटतो, मध्ये बोट आलं तर संपलं. होज जोडलेला असतानाच पेडल हळूहळू दाबा, पिस्टन आपोआप पुढे येतो. समोर लाकडाचा ठोकळा मात्र हवाच. दोन्ही बाजू करायच्या असतील तर एक गंमत आहे: जो पिस्टन मोकळा तोच आधी धावतो, जाम झालेला बसून राहतो. म्हणून मोकळ्याला ठोकळ्यानं अडवा, आधी जाम झालेला पुढे आणा. आणि एक पूर्ण सुटायच्या आत दुसराही काठापर्यंत आणून ठेवा, कारण एक निघाला की दाबच उरत नाही. पेडलखाली लाकडाची पट्टी ठेवा. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत गेलं तर पेडलच्या जोरानं तेलाला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरचं सील नेहमी न पोहोचणाऱ्या गंजक्या भागावर घासतं, आणि मग एकाच्या जागी दोन कामं.

होज सोडल्यावर त्याचं तोंड बंद करा. ब्रेक ऑइलची टाकी रिकामी पडू देऊ नका. एबीएसच्या (जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) युनिटमध्ये हवा शिरली तर काही गाड्यांत ती काढायला स्कॅनर लागतो.

जुनं सील काढायला पेचकस नको, लाकडाची काडी घ्या. आता टॉर्च आत मारा. बाप्पा! सील बसतं त्या खाचेत केवढा गंज. गंज सीलला मागून दाबतो आणि सील पिस्टनला आवळतं. नवीन सील टाकून ही खाच तशीच ठेवली तर महिनाभरात परत हाच व्हिडिओ बघाल. मी इथे पाऊण तास घालवला आणि तो वाया गेला नाही. पिस्टनवर नखाला खड्डा लागला तर पिस्टन नवीन घ्या. पॉलिश पेपर मारून क्रोम घालवू नका.

धुवायला काय वापरायचं? पेट्रोल, डिझेल अजिबात नाही. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते ऑइल नाहीच, ग्लायकोलच्या जातीचं द्रव आहे. ही रबरं त्याच्यासाठीच बनलेली असतात. खनिज तेल किंवा साधं ग्रीस लागलं की ती फुगतात. म्हणून ब्रेक क्लीनर, आणि बसवताना सीलला ताजं ब्रेक ऑइल. हे द्रव हवेतला ओलावा पितं: डॉट 4 नवं असताना किमान 230 अंशांना उकळतं, ओलावा खाल्लेलं 155 च्या आसपास. चिखलदऱ्याचा घाट उतरताना पेडल स्पंजासारखं झालं तर त्यामागे हेच असू शकतं. रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, नाहीतर रंग उचलतं.

पिस्टन सरळ धरून हाताच्या जोरानं आत गेला पाहिजे. हातोडी आठवली तर थांबा, सील पिळलं आहे. डस्ट कव्हर बसवा, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या गाइड पिनांना सिलिकॉन ग्रीस लावा आणि पिनांची अदलाबदल करू नका. होज जिथे कॅलिपरला जोडतो तिथे बोल्टाच्या जोडाला दोन्ही बाजूंनी नवे तांब्याचे वॉशर. हवा काढायचं निपल वरच्या बाजूला आलं पाहिजे. खाली आलं तर डावा-उजवा कॅलिपर बदललाय, हवा जन्मात निघणार नाही.

हवा काढायला दुसरा माणूस लागतो. माझ्याकडे आई आहे. "आई, दाब... धरून ठेव." निपल उघडलं, नळीतून बुडबुडे, निपल बंद. "सोड आता." निपल बंद व्हायच्या आधी तिनं सोडलं तर हवा परत आत, म्हणून शब्द आधीच ठरवा. आम्ही एकवीस वेळा केलं, मग तिनं चहाची आठवण काढली.

गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा, पहिलं पेडल थेट खाली जातं. आधी गल्लीत हळू, मग रिंग रोड. परत आल्यावर पाण्याचे थेंब दोन्ही चाकांवर.

चाक बसवलं आहे, गाडी अजून वरच आहे. हातानं फिरवून दाखवतो. पॅडची बारीक खसखस आली तर घाबरू नका.

...फिरत नाही.

थांबा. आई, पाय काढ ना ब्रेकवरून!

हं. फिरलं.